प्लेटिंग टिकते आधीच्या धुलाईवर

मोटारीच्या सीटखाली किंवा दाराच्या आत एखादे साधे पोलादी ब्रॅकेट असते. दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा प्रेसवर कापलेला, दोन ठिकाणी वाकवलेला, एका भोकामागे नट वेल्ड केलेला. गंज लागू नये म्हणून त्यावर जस्ताचा थर चढवतात. या थराची जाडी बहुधा ८ मायक्रॉनच्या आसपास असते. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉन धरली, तर केसाच्या नवव्या हिश्श्याइतकी. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड अशा औद्योगिक वसाहतींतल्या प्लेटिंग शॉपमध्ये असे जॉब तेलकट अवस्थेत येतात आणि चकचकीत होऊन बाहेर पडतात.

एवढा पातळ थर वर्षानुवर्षे टिकू शकतो आणि स्क्रू आवळताना पापुद्र्यासारखा सुटूही शकतो. दोन्ही वेळी जस्ताची टाकी तीच असते, प्रवाह देणारा रेक्टिफायर तोच असतो, वेळही तेवढाच दिलेला असतो. जॉब त्या टाकीत कोणत्या अवस्थेत उतरला, यावर पुढचे सगळे ठरते. म्हणून जस्ताच्या टाकीआधीच्या टाक्यांमध्ये काय घडते आणि त्यांचा क्रम असाच का, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

थर चिकटतो कशामुळे

प्लेटिंगमध्ये डिंक किंवा गोंदासारखे काही नसते. द्रावणातले जस्ताचे आयन पोलादाच्या पृष्ठभागावर येतात, तिथे त्यांना इलेक्ट्रॉन मिळतात आणि त्यांचे अणू होऊन ते लोहाच्या अणूंना खेटून बसतात. धातूला धातू धरून ठेवतो, पण फक्त अणूच्या अंतरावरून. मध्ये तेलाचा काही रेणूंएवढा पापुद्रा जरी राहिला, तरी ही पकड बसत नाही.

घाण जाड असेल तर ती स्वतःच उघडी पडते. ग्रीसच्या डागातून विद्युत्प्रवाह जात नाही, तेवढी जागा काळी राहते आणि तपासणीत दिसते. खरा धोका पातळ घाणीचा असतो. ऑक्साइडचा किंवा काजळीचा विरळ थर प्रवाह अडवत नाही. त्यावर जस्त बसते, चमकतेही आणि जॉब पास होतो. पुढे तो वाकवला, तापवला किंवा आवळला की थर सुटतो.

जॉबवर नेमके काय आहे

आपले ब्रॅकेट हातात घेतले तर त्यावर प्रेसचे तेल आहे, साठवणीत गंज लागू नये म्हणून चोपडलेले तेल आहे, त्या तेलात अडकलेली लोखंडाची बारीक भुकटी आहे. कडेला कापताना उरलेली बोचरी कोर, म्हणजे बर आहे. नटाभोवती वेल्डिंगची निळसर-काळी खपली आणि धातूचे उडालेले थेंब आहेत. एखाद्या कोपऱ्यात तांबूस गंज आहे. हाताळणाऱ्याच्या बोटांचे ठसे आहेत, मोजमाप तपासणाऱ्याने मार्करने केलेली खूण आहे.

यातल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा. बर आणि वेल्डचे थेंब घासूनच जातात. तेल अल्कलीने जाते. गंज आणि खपली ॲसिडने जाते. पण ॲसिडला तेलातून वाट मिळत नाही. तेलकट जॉब सरळ ॲसिडमध्ये बुडवला तर तेल नसलेली जागा खाल्ली जाते, तेलाखालचा गंज तसाच राहतो. म्हणून तेल आधी, गंज नंतर.

या सगळ्या कामाचे एक सूत्र आहे. प्रत्येक टाकी जॉबवरून एक गोष्ट काढते आणि दुसरी मागे ठेवते. कॉस्टिक तेल काढते आणि स्वतः अंगावर राहते. ॲसिड गंज काढते आणि काजळी ठेवून जाते. पुढची टाकी आधीच्या टाकीचे उरलेले काढण्यासाठी असते. हे ध्यानात ठेवले की टाक्यांचा क्रम पाठ करावा लागत नाही, तो आपोआप उलगडतो.

आधी घासकाम

प्लेटिंग ओरखडा बुजवते, हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. ८ मायक्रॉन जस्त पृष्ठभागाच्या चढउतारांवरून जसेच्या तसे पसरते. निकेल-क्रोम केलेल्या शोभेच्या जॉबवर तर निकेल १० ते २५ मायक्रॉन आणि क्रोम एका मायक्रॉनच्याही आत असते. चकाकी आली की ओरखडा उलट जास्त उठून दिसतो.

ब्रॅकेटसारख्या जॉबला बर काढणे, वेल्डचे थेंब छिन्नीने किंवा ग्राइंडरने उडवणे आणि गरज असेल तर शॉट ब्लास्टिंग एवढे पुरते. लहान जॉब दगडांच्या तुकड्यांसह व्हायब्रेटरमध्ये फिरवतात. शोभेच्या जॉबला मात्र १२०, १८०, २४०, ३२० असे चढत्या नंबरचे एमरी लावत जावे लागते. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते स्पष्ट दिसते. मग सायझलचा आणि शेवटी सुती बफ.

बफला लावतात त्या साबणात चरबी, मेण आणि घासणारी पूड असते. घर्षणाच्या उष्णतेने हे मिश्रण कोपऱ्यात आणि अक्षरांच्या खाचांत दाबले जाते. ताजे असताना ते गरम क्लीनरने निघते, काही दिवस पडून राहिले की दगडासारखे होते. म्हणून बफ झालेला जॉब शक्यतो त्याच दिवशी धुवावा.

टांगणी

घासकाम झाले की जॉब जिगवर, म्हणजे टांगण्याच्या सांगाड्यावर चढतो आणि पुढचा सगळा प्रवास जिगवरूनच होतो. लहान बोल्ट, वॉशर बॅरलमध्ये जातात. जिगवर टांगताना दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, पकड घट्ट हवी, कारण प्रवाह त्याच बिंदूतून येणार आहे. दुसरी, जॉबचा खोलगट भाग वर तोंड करून राहिला तर तो एका टाकीतले द्रावण वाटीसारखे भरून पुढच्या टाकीत नेतो, आणि खाली तोंड करून राहिला तर त्यात हवा अडकून आतला भाग कोराच राहतो. तिरके टांगावे, हे दोन्हींवरचे उत्तर.

तेल काढणे

पहिली टाकी गरम क्लीनरची, ६० ते ८० अंश सेल्सिअसची. तीत कॉस्टिक सोडा, सोडा ॲश, सिलिकेट, फॉस्फेट आणि मळ सोडवणारी डिटर्जंटसारखी रसायने असतात. जॉब पाच ते दहा मिनिटे राहतो.

वनस्पती तेल आणि प्राण्यांची चरबी यांचा कॉस्टिकशी संयोग होऊन साबण बनतो आणि तो पाण्यात विरघळतो. खनिज तेलाचा साबण होत नाही. त्याला डिटर्जंटच्या रेणूंनी घेरून, बारीक थेंब करून पृष्ठभागावरून उचलावे लागते. म्हणून नुसत्या कॉस्टिकच्या टाकीत प्रेसचे तेल पुरते निघत नाही. जॉब कोणत्या तेलात दाबला होता, हे प्लेटिंगवाल्याला माहीत असणे यासाठीच गरजेचे असते.

निघालेले तेल वर तरंगते. जॉब वर काढताना तो याच तवंगातून बाहेर येतो आणि धुतलेला पृष्ठभाग पुन्हा माखतो. टाकीच्या एका कडेला सांडवा ठेवून तवंग सतत वाहून जाऊ दिला, तर हा दोष मुळातच टळतो.

पूर्वी हे काम ट्रायक्लोरोइथिलीनच्या वाफेत होत असे. तेल विरघळवण्यात ते पटाईत होते, पण माणसाला कर्करोग होण्यास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते ठेवले आहे. पाण्यातल्या अल्कली क्लीनरकडे वळण्याचे हे सबळ कारण आहे.

मधले पाणी

दोन रसायनांच्या टाक्यांमध्ये पाण्याची टाकी असते. तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि तिथेच अनेक दोष जन्मतात. क्लीनरमधला सिलिकेट जॉबवर राहून ॲसिडमध्ये गेला की त्याचा सिलिकाचा चिकट थर होतो, आणि तो नंतरच्या कोणत्याही नेहमीच्या टाकीत विरघळत नाही. साबण राहिला तर ॲसिडमध्ये त्याचे पुन्हा चिकट मेदाम्ल होते.

पाणी भरपूर वापरले म्हणजे धुलाई चांगली, असे मात्र नाही. जॉबच्या अंगावरून एक लिटर द्रावण पाण्यात आले आणि ते हजारपट विरळ करायचे असेल, तर एकाच टाकीत हजार लिटर पाणी वाहवावे लागते. त्याऐवजी दोन टाक्या लावल्या, ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडून ते पहिलीत ओघळू दिले आणि जॉब उलट दिशेने नेला, तर हिशेबाने ३२ लिटरमध्ये तेच काम होते. अशा तीन टाक्यांना १० लिटर पुरतात. प्रत्यक्षात आकडे थोडे वाढतात, तरी फरक प्रचंड राहतो. मराठवाड्यासारख्या पाण्याची ओढ असलेल्या भागात याचे मोल वेगळे सांगायला नको.

ॲसिडची टाकी

बाजारात मिळणारे हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण ३० ते ३३ टक्क्यांचे असते. पिकलिंगसाठी, म्हणजे ॲसिडने गंज काढण्यासाठी ते अनेकदा तेवढ्याच पाण्यात मिसळून थंडच वापरतात. सल्फ्युरिक १० टक्क्यांच्या आसपास ठेवतात, पण ते गरम करावे लागते. मिसळताना ॲसिड पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. सल्फ्युरिकमध्ये पाणी पडले तर ते तिथेच उकळून अंगावर उडते.

ॲसिड आधी गंज आणि खपली विरघळवते, मग उघड्या पोलादाला खाऊ लागते आणि हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. हे खाणे आवरण्यासाठी इनहिबिटर घालतात. तो उघड्या धातूवर बसून त्याला वाचवतो. तरीही खरा लगाम वेळेचा. जॉब जास्त राहिला तर पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि पोलादातले लोह विरघळून मागे राहिलेल्या कार्बनची काळी काजळी जमते. पांढऱ्या फडक्याने पुसले की ती लगेच दिसते. पोलादात कार्बन जितका जास्त, तितकी काजळी जास्त.

या टाकीत तांब्याची तार किंवा पितळेचा तुकडा पडू देऊ नये. थोडेसे तांबे विरघळले तरी ते पोलादावर विजेविना चढते. मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवला की तो लालसर होतो आणि बोटाने घासला की रंग निघतो, तोच हा प्रकार. अशा सैल तांब्यावर बसलेले जस्त तांब्यासह सुटते.

न दिसणारा हायड्रोजन

ॲसिडमध्ये तयार होणारा सगळा हायड्रोजन बुडबुड्यांतून निघून जात नाही. काही अणू पोलादाच्या आत शिरतात. मऊ पोलादाच्या आपल्या ब्रॅकेटला त्याचे काही वाटत नाही. पण स्प्रिंग, सर्क्लिप, १०.९ किंवा १२.९ वर्गाचे बोल्ट अशा कठीण, ताणाखाली काम करणाऱ्या भागांना तो ठिसूळ करू शकतो. असा बोल्ट आवळताना ठीक असतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी, वाढीव भार नसतानाही तुटतो. वरून प्लेटिंग निर्दोष दिसत असते.

यासाठी कठीण पोलादाचा गंज शक्यतो शॉट ब्लास्टिंगने काढतात, ॲसिड वापरलेच तर इनहिबिटरसह आणि थोडा वेळ. प्लेटिंगमध्येही हायड्रोजन शिरतोच, म्हणून प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत जॉब भट्टीत घालून १९० ते २२० अंशांवर पोलादाच्या ताकदीनुसार कित्येक तास, वेळप्रसंगी पूर्ण दिवस भाजतात. हे भाजणे पॅसिव्हेशनच्या, म्हणजे जस्तावर क्रोमेटचा संरक्षक थर देण्याच्या आधी व्हावे लागते, कारण तो थर एवढ्या उष्णतेत तडकतो. वाहनातल्या बोल्टवर माणसांचे जीव अवलंबून असतात. जॉबची कठीणता न सांगता त्याला प्लेटिंगला पाठवणे ही गंभीर बेपर्वाई आहे.

विजेने धुणे

ॲसिडनंतर पाणी, आणि मग इलेक्ट्रोक्लीनिंग. ही टाकीही अल्कलीचीच, पण इथे जॉबला प्रवाह जोडतात, साधारण ६ ते ८ व्होल्टचा. पाण्याचे विघटन होऊन जॉबच्याच पृष्ठभागातून वायूचे असंख्य बुडबुडे फुटतात आणि काजळी, भुकटी, उरलेले तेल खालून ढकलून काढतात.

जॉब ऋण टोकाला जोडला तर हायड्रोजन निघतो आणि तो धन टोकावरच्या ऑक्सिजनच्या दुप्पट आकारमानाचा असतो. घासणी जोरकस होते, पण टाकीतली धातूची घाण जॉबवर येऊन बसते आणि हायड्रोजन पुन्हा पोलादात शिरू लागतो. म्हणून पोलादाचा जॉब निदान शेवटी तरी धन टोकालाच जोडतात. पितळ धन टोकावर फार वेळ राहिले तर काळवंडते, जस्ताची डायकास्टिंग खाल्ली जाते. त्यांना वेळ आणि प्रवाह दोन्ही बेताचे लागतात. टाकीवरच्या फेसात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र साठलेले असतात, एका ठिणगीने ते भडकू शकतात. म्हणून जॉब उचलण्याआधी प्रवाह बंद करावा.

पाण्याची परीक्षा

धुलाई झाली का, हे ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. जॉब विरळ ॲसिडमध्ये क्षणभर बुडवून स्वच्छ पाण्यातून काढायचा आणि साधारण ३० सेकंद धरून पाहायचा. पाण्याचा पडदा सलग राहिला, तर तेल गेले. पाणी कुठे फाटले, थेंब होऊन गोळा झाले, तर तिथे तेल आहे. आधी ॲसिडमध्ये बुडवणे महत्त्वाचे, कारण क्लीनरचा अंश तेलावरही पाणी पसरवतो आणि परीक्षा खोटी ठरते. या परीक्षेला तेल दिसते, काजळी आणि ऑक्साइड दिसत नाहीत. म्हणून सोबत पांढरे फडकेही फिरवावे.

शेवटची बुडी

धन टोकावरच्या ऑक्सिजनने पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो. तो काढण्यासाठी ५ ते १० टक्क्यांच्या ॲसिडमध्ये काही सेकंदांची बुडी देतात. पृष्ठभाग जागा करण्याचे हे काम आपल्याकडचे कल्हईवाले पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकली की त्यातून सुटणारे हायड्रोक्लोरिक ॲसिड तांब्यावरचा ऑक्साइड काढते, आणि त्याच क्षणी कथील कापसाच्या बोळ्याने फिरवले जाते. थोडा उशीर झाला तर कथील धरत नाही.

प्लेटिंगमध्येही बुडीनंतर उशीर चालत नाही. पाण्यातून काढलेला जॉब ओला असतानाच जस्ताच्या टाकीत जावा. पावसाळ्याच्या दमट हवेत उघडे पोलाद काही मिनिटांतही तांबूस होऊ लागते. जेवणाची सुट्टी झाली म्हणून जिग मध्येच लटकत ठेवले, तर मागची सगळी मेहनत वाया जाते.

टाकी सायनाइडची असेल तर इथे अत्यंत सावध राहावे लागते. ॲसिड आणि सायनाइड एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू निघतो. मधल्या पाण्याच्या टाक्या पुरेशा हव्यात आणि दोन्हींची गटारे वेगळी हवीत. यात काटकसर करू नये.

धातू बदलला की वाट बदलते

स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा चिवट थर असतो आणि काढला तरी तो लगेच पुन्हा येतो. म्हणून निकेल क्लोराइड आणि भरपूर हायड्रोक्लोरिक ॲसिड असलेल्या, ‘वुड्स निकेल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या टाकीत एकीकडे ऑक्साइड विरघळत असतानाच निकेलचा पहिला पातळ थर चढवतात.

ॲल्युमिनियम तीव्र कॉस्टिकमध्ये विरघळते. त्याला सौम्य क्लीनर देऊन, हलके खरवडून, नायट्रिक ॲसिडमध्ये काजळी काढून झिंकेटच्या द्रावणात बुडवतात. तिथे ऑक्साइड जातो आणि त्याच जागी जस्ताचा अगदी पातळ थर बसतो. जस्ताच्या डायकास्टिंगला आम्लधर्मी टाक्या खातात, म्हणून आधी सायनाइड तांब्याचा पातळ थर लागतो. पोलादावर तांबे चढवतानाही मोरचुदाच्या टाकीआधी असाच थर देतात. खिळ्यावरच्या सैल लाल रंगाचा दोष तिथे टळतो.

माल देताना

या टाक्यांतून उरणारे पाणी पुढे नदीकडेच जाणार असते. ॲसिडचे पाणी चुन्याने उदासीन करून लोहाचा गाळ बसवावा लागतो, तेल वेगळे काढावे लागते, सायनाइडचे पाणी अल्कलीत हायपोक्लोराइटने निर्विष करावे लागते. यांचा खर्च प्लेटिंगच्या दरात धरलेला असतो. दर किलोमागे सर्वांत स्वस्त भाव शोधताना नेमकी हीच कामे आणि मधली पाण्याची टाकी कापली जाते.

म्हणून माल देणाऱ्यानेही आपला वाटा उचलावा. चलनावर फक्त नग आणि वजन न लिहिता पोलादाची प्रत, कठीणता, उष्णताप्रक्रिया झाली असल्यास ती आणि वापरलेले तेल लिहावे. जस्तासाठी आयएस १५७३ या भारतीय मानकानुसार थर किती हवा ते सांगावे. ड्रॉइंग करणाऱ्याने खोलगट भागाला निचऱ्याचे भोक द्यावे आणि पत्र्यावर पत्रा ठेवून वेल्ड करणे शक्य तिथे टाळावे, कारण त्या फटीत शिरलेले ॲसिड धुता येत नाही आणि आठवड्यांनी डाग बनून बाहेर येते. आणि शॉपला भेट देताना चकचकीत जॉबच्या आधी पाण्याच्या टाक्या पाहाव्यात, तिथे काम करणाऱ्याला एक जॉब ओला काढून धरायला सांगावा. ३० सेकंदांत त्या शॉपचे काम कसे आहे ते कळते.